नववा गडी

काकाजींनी आयुष्यात कधी बेसबॉल हातात धरला नाही. बॉल चामड्याचा असतो म्हणून. ग्लोव्हज चामड्याचे, कॅचरच्या पट्ट्या चामड्याच्या, म्हणून त्यांनाही कधी बोट लावलं नाही. मॅच संपल्यावर सामान गोळा करायची वेळ आली की ते फक्त बॅटी उचलायचे. बॅट लाकडाची, तिला हरकत नव्हती. दोन्ही काखांत बॅटी, पांढरा सदरा, पांढरा पायजमा, खांद्याला उकळलेल्या पाण्याची स्टीलची बाटली, असे ते आमच्या मागून चालत यायचे. अमळनेरच्या संघावर एवढा जीव टाकणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

अमळनेरला आणि बेसबॉल, असं बाहेरगावचे लोक तोंड वाकडं करून विचारतात. त्यात नवल काही नाही. खानदेशात शाळाशाळांतून सॉफ्टबॉल खेळतात, आणि सॉफ्टबॉलवाली पोरं मोठी झाली की बेसबॉलकडे वळतात. काकाजींच्या शाळेतही त्यांच्या वेळेला एक खेळाचे सर कुठलंसं शिबिर करून आले, ते एक बॅट आणि चार ग्लोव्हज घेऊनच. पोरांना ओळीत उभं करून त्यांनी ग्लोव्हज वाटायला घेतले. काकाजींची पाळी आली तेव्हा त्यांनी हात मागे घेतले.

"आमच्यात चालत नाही सर."

सर म्हणाले, "मग तू तिकडे बस आणि बघ."

ते जे बसले, ते पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं बसले. सर गेले, ती पोरं म्हातारी झाली, त्यांची पोरं खेळायला लागली, सॉफ्टबॉलचा बेसबॉल झाला, काकाजी तिसऱ्या बेसच्या बाजूला कडुनिंबाखाली होते तिथेच.

घराणं जैन, मारवाडातून आलेलं, चार पिढ्या अमळनेरात कापडाचा धंदा. बाजारपेठेत दुकान होतं, धाकटा भाऊ आणि ते मिळून चालवायचे. मिळून म्हणजे मॅच नसेल तेव्हा. एकदा लग्नाचा बस्ता बांधायला एक अख्खं कुटुंब बैलगाडीभर माणसं घेऊन दुकानात आलं होतं. नवरीच्या शालूंचा ढीग गादीवर पडलेला, आणि काकाजी उठले. नवरीची आई म्हणाली, "शेठ, आमचं अर्धं बघायचं राहिलंय." काकाजी चपला घालत म्हणाले, "अक्का, शालू उद्याही हाच राहील. मॅच राहणार नाही." भावाने कपाळाला हात लावला. तो किस्सा भाऊ स्वतःच नंतर हसत सांगायचा, पण त्या दिवशी तो हसला नसणार.

मी पिचर होतो. बोरी नदीच्या पलीकडे पैलाडला आमचं घर, म्हणून काकाजींच्या तोंडी माझं नाव पैलाड. कोणाही खेळाडूला ते नावाने हाक मारत नसत, ज्याच्या त्याच्या मोहल्ल्याने मारत. "अरे माळीवाडा, पळ!" "स्टेशन रोड, डोळे उघड!" जणू अख्खा माळीवाडा बॅट घेऊन उभा आहे आणि स्टेशन रोड त्याला आऊट करायला टपलाय. बाहेरगावच्या प्रेक्षकांना वाटायचं हा माणूस खुळा आहे. आम्हाला मात्र त्या हाकेने अंगात काहीतरी भरायचं. आपण एकटे खेळत नाही, मागे गल्ली उभी आहे असं वाटायचं.

सामना बाहेरगावी असला की ते पहाटे सगळ्यांसाठी डबे घेऊन यायचे. दशम्या, कोरडी चटणी, खाकरे. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही. आमच्यातले निम्मे जण ते नावाला खायचे आणि गुपचूप शेवभाजी हाणायला जायचे. काकाजींना ते माहीत होतं. ते काही बोलत नसत, डबा मात्र परत कधी घेतला नाही. आणि त्यांचं स्वतःचं जेवण सूर्य मावळायच्या आत. मॅच लांबली की ते आकाशाकडे बघायचे, डब्याकडे बघायचे, मग मैदानाकडे बघायचे, आणि उपाशी राहायचे. असे किती उपास त्यांना आमच्यापायी घडले असतील!

शिरपूरला एकदा गंमत झाली. शेवटचा डाव, बरोबरीत सामना, आमचा गडी दुसऱ्या बेसवर. शिरपूरच्या पोराने तिसऱ्या बेसकडे बॉल फेकला तो चुकून प्रेक्षकांत घुसला, सरळ काकाजींच्या दिशेने. दुसरं कोणीही असतं तर हात पुढे गेला असता, बॉल अडला असता. काकाजी दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीवर उभे राहिले. बॉल खुर्चीखालून निघून पार भिंतीला लागला. तेवढ्यात आमचा गडी होमवर आला आणि आम्ही जिंकलो. शिरपूरच्या लोकांनी गलका केला, की या शेठने मुद्दाम बॉल जाऊ दिला. पंच त्यांच्यापाशी आले.

"काका, तुम्ही बॉल अडवला का नाही?"

"चामडं आहे साहेब," काकाजी खुर्चीवरूनच म्हणाले.

आमचा कॅचर अमळनेरजवळच्या खेड्यातला, बोलणं सगळं अहिराणीत. परतीच्या बसमध्ये त्याने त्यांना छेडलं, "काकाजी, धरी लेता ते काय व्हतं? चावस का तो?"

"चावत नाही रे," काकाजी म्हणाले, "पण कोणाची तरी कातडी आहे ना."

मग कॅचरच आधी हसला आणि सगळे हसले.

हरल्यावर ते काय म्हणायचे, हे त्या काळात आमच्याबरोबर खेळलेल्या कुणालाही विचारा. आम्ही मान खाली घालून बूट सोडत असायचो, आणि ते येऊन म्हणायचे, "आपला गाव हरला नाही. आज दुसऱ्याचा गाव जिंकला." दर पराभवाला तेच वाक्य, त्याच आवाजात. आम्ही तर ते आधीच म्हणून टाकायचो. पण ते ऐकल्याशिवाय कुणी मैदान सोडत नसे.

आणि बघून बघून त्यांना हा खेळ किती कळला होता! सरावाच्या वेळी ते कॅचरच्या मागे दूरवर उभे राहायचे आणि मी बॉल टाकून आलो की हळूच सांगायचे. "माळीवाड्याला छातीच्या वर दे. त्याला ठाऊक असतं की तो लागत नाही, तरी बॅट घालतो." "स्टेशन रोड पहिला बॉल सोडतोच." आणि कॅचरबद्दल म्हणायचे, "त्याला हळू दे. जोराचा तो मारतो. हळूला त्याचा धीर सुटतो." मी विचारलं, आपल्याच पोरांचं हे मला कशाला सांगता? तर म्हणाले, "तुला सांगितलं तर तू त्यांना तिथेच टाकशील, आणि ते शिकतील."

मी पदवी घेऊन दोन वर्षं घरी होतो. वडिलांची तब्येत खालावत चाललेली. तेव्हा धुळ्यातल्या एका संस्थेत क्रीडाशिक्षकाची जागा निघाली. त्यांचा स्वतःचा बेसबॉलचा संघ होता, पिचर नव्हता. नोकरीच्या बोलण्यातच ते बोलणं होतं. मी हो म्हटलं. माझ्या जागी कुणीही हो म्हटलं असतं, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. वाटतं ते यासाठी, की मी काकाजींना सांगायला गेलो नाही. दुकानावरून दोनदा गेलो. एकदा ते आत कापड मोजत होते, एकदा त्यांनी हात वर करून हाक मारली, "पैलाड, ये, चहा घे." मी "घाई आहे काकाजी" म्हणून पुढे गेलो. दुसऱ्या आठवड्यात धुळ्याला खोली केली.

त्या हिवाळ्यात जळगावला स्पर्धा होती, आणि उपांत्य सामन्यात धुळ्याची गाठ अमळनेरशीच पडली.

सकाळी मी नव्या संघाच्या निळ्या शर्टात बाकावर बसलो होतो. समोर माझी सगळी जुनी माणसं. कॅचरने लांबून हात केला, बाकीच्यांनी तोही केला नाही. तेवढ्यात काकाजी मैदानाला वळसा घालून आमच्या बाजूला आले. मला उठायचंही सुचलं नाही. त्यांनी फडक्यात बांधलेला डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"तुझा," म्हणाले. "सवयीने बांधला गेला. दिवसाउजेडी खाऊन घे."

आणि जसे आले तसे परत गेले.

त्या दिवशी मी आयुष्यातला सर्वांत चांगला खेळ केला. कारण मला सगळं ठाऊक होतं. माळीवाड्याला छातीच्या वर दिला, त्याने बॅट घातली. स्टेशन रोडला पहिलाच बॉल मधोमध दिला, त्याने सोडला. शेवटच्या डावात दोन गडी बाद, एक धाव झाली असती तर बरोबरी, आणि कॅचर समोर आला. त्याला दोन जोरात टाकले, बाहेरून; दोन्ही त्याने मारले, पण फाऊल गेले. मग हळू टाकला. त्याची बॅट बॉल यायच्या कितीतरी आधी फिरून गेली. तो वळून माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं शिवी देईल. त्याने नुसतं डोकं हलवलं आणि बॅट जमिनीवर ठेवली.

निळ्या शर्टाच्या पोरांनी मला खांद्यावर घेतलं. त्या उंचीवरून मला कडेला उभे असलेले काकाजी दिसले. मी खाली उतरून त्यांच्याकडे गेलो. का गेलो ठाऊक नाही. ते वाक्य ऐकायची सवय असेल. आमच्या जुन्या पोरांचंही तेच, ती बूट सोडत थांबली होती. काकाजी त्यांच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे बघितलं.

"आज आपला गाव हरला," ते म्हणाले, आणि बॅटी गोळा करायला लागले.

पुढच्या पर्युषणानंतर मला धुळ्याच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. जैनांमध्ये पर्युषण संपलं की वर्षभरात कळत-नकळत झालेल्या दोषांची सगळ्यांकडे क्षमा मागायची रीत आहे. बहुतेक जण ती मोघम मागतात. काकाजींनी नेमकी मागितली होती. बारीक, उतरत्या अक्षरात लिहिलं होतं: "मिच्छामि दुक्कडम. जळगावच्या मैदानावर आपला हात भरून यावा आणि एकही बॉल सरळ पडू नये, असे मी मनात आणले. दुसऱ्याच्या पीडेची इच्छा करणे हे पाप आहे. मनापासून क्षमा मागतो. वडिलांना नमस्कार."

मी ते कार्ड तीन-चारदा वाचलं. उत्तर लिहायला बसलो. खरं म्हणजे क्षमा मी मागायला हवी होती, आणि ती कशाची, हे लिहिता येईना. मॅच जिंकल्याची? नोकरी धरल्याची? चहाला थांबलो नाही त्याची? कोरं कार्ड पाकिटात महिनाभर फिरलं, मग त्यावर मी एका विद्यार्थ्याच्या बापाला काहीतरी कळवलं.

त्यांचं कार्ड मात्र दरवर्षी येत राहिलं. लोकांच्या हातात फोन आले, शुभेच्छांची चित्रं फोनवर फिरायला लागली, तरी काकाजींचं कार्डच. पुढे मजकूर मोघम झाला, "वर्षभरात काही चुकले असल्यास." मी एकालाही उत्तर दिलं नाही. धुळ्याहून अमळनेर तासाभराच्या अंतरावर. आईवडील माझ्याकडे आले, पैलाडचं घर भाड्याने दिलं, भाडेकरूकडे जायचं असलं की सकाळी जाऊन दुपारी परत. बाजारपेठेतून जायचं मी टाळायचो. आज जाऊ, दिवाळीत जाऊ, पोरीला घेऊन जाऊ, असं करता करता पंधरा-सोळा वर्षं गेली. न गेल्याची लाज दरवर्षी थोडी वाढायची, आणि ती वाढली म्हणून जाणं आणखी अवघड व्हायचं.

संघाचं काय चाललंय ते कॅचरकडून कानावर यायचं. तो एकटा अजून खेळत होता. माझ्यामागून स्टेशन रोड नाशिकला गेला, माळीवाड्याने शेती धरली. आमच्या रुळाकडच्या, कडुनिंबाच्या मैदानाला कोणीतरी तारेचं कुंपण घातलं, त्यावर प्लॉट पाडल्याची पाटी लागली. काकाजी त्या कुंपणाशी बराच वेळ उभे होते म्हणे. कॅचर त्यांना घरी न्यायला गेला, तेव्हा त्याला म्हणाले, "मी आयुष्यभर नुसतं बघितलं. बघून काय होतं रे? दोन पोरं शिकवली असती हाताने, तर आज अशी वेळ आली नसती." कॅचर म्हणाला की त्यांच्या तोंडून असं काही त्याने पहिल्यांदाच ऐकलं.

मागल्या वर्षी, थंडी संपता संपता, त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता, पण हाक तीच.

"पैलाड, मी बोलतोय. रविवारी आपल्या गावात स्पर्धा आहे, शाळेच्या मैदानावर. आपले आठ आहेत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नऊ नसले तर मैदानात उतरू देत नाहीत, तुला माहीत आहे. तू काही करू नको. बॉल टाकू नको, पळू नको. नुसता राईट फिल्डला उभा राहा. तिकडे कोणी मारत नाही."

"काकाजी, माझं वय झालं. खांदा गेलाय."

"माझं किती झालं?" ते म्हणाले. "येशील ना?"

"येतो."

"बघ हां. नाव लिहायला सांगतो."

"येतो म्हटलं ना काकाजी."

रविवारी मी उठलो. माळ्यावरून बूट काढले, पुसले. बायकोने दशम्या करून दिल्या. धुळ्याच्या स्टँडवर अमळनेरची बस लागली होती. मी बाकावर बसलो आणि ती भरताना बघत राहिलो. माझ्या मनात काय काय होतं ते आज नीट सांगताही येत नाही. पोट सुटलेला मी, त्या पोरांच्या ओळीत कसा दिसेन. कॅचर काय म्हणेल. आणि सगळ्यात जास्त, काकाजी समोर आले की पहिलं वाक्य काय बोलायचं. इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. ते मला सुचेना. बस सुटली. पुढची अर्ध्या तासाने होती, तिने गेलो असतो तरी पोचलो असतो. तीही भरली, तीही सुटली. खिशात फोन वाजला. काकाजींचा नंबर होता. मी तो वाजून थांबेपर्यंत हातात धरून बसलो. मग पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला नाही. मी घरी गेलो आणि बायकोला सांगितलं, सामना रद्द झाला.

त्यानंतर त्यांचा फोन नाही. मीही केला नाही. त्या वर्षी पर्युषणानंतर कार्ड आलं नाही, तेव्हा मला वाटलं, शेवटी रागावले. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. मग दिवाळीच्या सुमारास कॅचरचा फोन आला.

"काकाजी गयात रे. तीन दिन व्हई गयात. तुले कोनी सांगं नही का?"

"नाही."

"बिछानाले खिळेल व्हतात दोन महिना. बठ्ठा भेटी उनात. तू दिखना नही, म्हनीसन फोन करा." सगळे भेटून गेले होते, मीच दिसलो नव्हतो, म्हणून त्याने फोन केला होता.

यावेळी मी पहिल्या बसने गेलो. बाजारपेठेतलं दुकान बंद होतं. मागच्या गल्लीत त्यांचं घर. दुखवट्याची बैठक होऊन गेली होती, बाहेरचं कोणी नव्हतं. काकीजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी नमस्कार केला आणि नाव सांगितलं. त्यांना ओळख पटेना. मग मी म्हणालो, "पैलाड."

"अरे, पैलाड! या, बसा," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव फार घ्यायचे."

मी बसलो. वाटेत बसमध्ये ठरवून आलो होतो, की जे आहे ते सगळं सांगून टाकायचं. निदान त्यांना तरी. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "त्या रविवारी तुमची फार वाट बघितली त्यांनी. पंचांकडून अर्धा तास मागून घेतला होता. रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मग पंचांनी सांगितलं, आता नाही थांबता येणार. पोरं चिडली. कोणी म्हणालं तो येणारच नव्हता, त्याने तेव्हाही असंच केलं होतं. हे सगळ्यांवर ओरडले. म्हणाले, त्याचा फोन आला होता मला, तो निघालाय, वाटेत बस बंद पडली, तो तरी काय करणार? उभ्या जन्मात खोटं बोलले नाहीत ना, त्यामुळे कोणी पुढे काही विचारलं नाही. घरी आले ते जेवले नाहीत. मलाही तेच सांगितलं, बस बंद पडली."

आतून त्यांच्या सुनेने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. काकीजींनी तो माझ्याकडे सरकवला आणि अगदी सहज, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "कुठे बंद पडली होती हो बस?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत संशय नव्हता, नुसती विचारपूस होती.

"नवलनगरच्या पुढे," मी म्हणालो.

"हां," त्या म्हणाल्या. "तिथून चालत यायचं म्हणजे लांबच."